कानांतला नवा साचा

बुलढाणा जिल्ह्यांत वैशाखाचें ऊन चाळीस अंशांवर चढलें म्हणजे श्रवणयंत्र वापरणाऱ्या वृद्धाची दुहेरी पंचाईत होते. नवा साचा कानांत टोचतो आणि घामानें ओलाही होतो. मग यंत्र फडताळांत जातें, व घरांतलें बोलणें पुन्हां त्याला वगळून चालूं लागतें. केंद्र सरकारच्या १९८१ पासूनच्या साहाय्य-योजनेंतून गरजूंना यंत्र मिळतें खरें. पण त्याचा उपयोग साचा नीट बसण्यावर अवलंबून.

साचा त्याच कानाच्या ठशावरून केलेला असतो, तरी नाजूक त्वचा त्याला एकदम जवळ करीत नाहीं. पहिल्या दिवशीं शांत खोलींत तासभर, मग हळूहळू अधिक, असा क्रम ठेवावा. स्वतःचा आवाज मडक्यांतून आल्यासारखा घुमतो. तो बहुधा सवयीनें सौम्य होतो, न झाल्यास साच्याचें हवेचें छिद्र मोठें करून घेतां येतें. यंत्र शीळ घालूं लागल्यास साचा सैल आहे किंवा कानांत मळ आहे, असें समजावें. तेल मात्र घालूं नये. आजीबाईच्या बटव्यांतला हा उपाय येथें अपायच करतो.

त्वचा लाल होऊन दुखूं लागली, तर सोसत बसणें हें शहाणपण नव्हे. साचा घासून वा नवा करून मिळतो. रात्रीं तो यंत्रापासून सोडवून कोमट साबणाच्या पाण्यानें धुवावा, नळींतलें पाणी फुंकून काढावें, आणि पुरता सुकल्यावरच जोडावा.