उभे दगड

(देगलूर तालुक्यातील एका देवळाच्या जीर्णोद्धार समारंभात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



देऊळ उभे राहिले. कळस चढला. ज्यांनी पैसा दिला त्यांची नावे भिंतीवर लागली, ज्यांनी अंगमेहनत दिली त्यांची नावे गावाला ठाऊक आहेत. आजच्या या मंगल प्रसंगी देवाविषयी सांगणारे अधिकारी कीर्तनकार पुष्कळ आहेत. तेव्हा हे व्याख्यान देवाविषयी नाही. देवळाच्या मागे, पाराशेजारी, वेशीच्या कडेला जे दगड उभे असतात, त्यांच्याविषयी आहे. कोणत्याही जीर्णोद्धारात मूर्तीची काळजी सगळे घेतात, चुना-सिमेंटाची काळजी गवंडी घेतो, पण या दगडांचा धनी कोणी नसतो. मग कोणी पायात घालतो, कोणी त्याची पायरी करतो, कोणी धुणे धुण्यासाठी ओढ्यावर नेतो.

प्रथम थोडे लांबचे सांगणे आवश्यक आहे. फ्रान्स देशाच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तेथे समुद्रकाठी कार्नाक हे एक लहानसे गाव आहे. या गावाच्या शिवारात तीन हजारांच्या आसपास दगड ओळीने उभे आहेत. काही माणसाच्या गुडघ्याइतके, काही दोन पुरुष उंच. शेतात ज्वारीची तासे दिसावीत तशा या रांगा सुमारे चार किलोमीटर गेल्या आहेत. त्यांतील जुन्या रांगा साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या असाव्यात असे २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सांगितले आहे. म्हणजे इजिप्तचे पिरॅमिड झाले त्याच्याही दोन हजार वर्षे आधी. तेव्हा तेथील माणसाजवळ लोखंड नव्हते, चाक नव्हते. होते ते दोरखंड, लाकडाचे ओंडके आणि एकमेकांचे हात. दगड ग्रॅनाइटचा, म्हणजे आपल्या देगलूर-बिलोलीकडे जमिनीतून डोके वर काढतो त्याच जातीचा. पाथरवटाला विचारा, या दगडापुढे छिन्नी किती दिवस टिकते ते.

हे दगड कशासाठी उभे केले, याचे एकच एक उत्तर विद्वानांजवळ नाही. गावकऱ्यांजवळ मात्र पहिल्यापासून होते. कोर्नेली नावाचा एक साधू होता, त्याच्या मागे रोमन शिपाई लागले. समोर समुद्र, पुढे वाट नाही. साधूने मागे वळून पाहिले आणि सारे शिपाई जागच्या जागी दगड झाले. त्या रांगा म्हणजे ती फौज! हा साधू गुराढोरांचा रक्षणकर्ता मानला जातो. कार्नाकच्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर त्याची मूर्ती आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना बैल आहेत. सप्टेंबर महिन्यात त्याची जत्रा भरते, आणि शेतकरी आपली जनावरे आशीर्वादासाठी तेथे आणीत असत. आपल्या पोळ्याला बैल मारुतीच्या देवळाला प्रदक्षिणा घालतात, त्याच सुमाराला. दोन गावांच्या मध्ये सात समुद्र, पण कुणब्याची काळजी एकच. गावालगत मातीचा एक मोठा थोरला उंचवटा आहे. तो हजारो वर्षांपूर्वीचे दफनस्थान होय. त्याच्या माथ्यावर पुढच्या काळात लोकांनी प्रार्थनामंदिर बांधले. जुन्या पवित्र जागेवर नवे देऊळ, ही रीत फक्त आपलीच नव्हे.

पण तेथेही सगळेच भाविक नव्हते. घरे बांधायला, शेताचे बांध घालायला लोकांनी ते दगड नेले. मग शहाणपण आले. स्कॉटलंडचा जेम्स मिल्न नावाचा गृहस्थ तेथे उत्खननाला आला. त्याच्या हाताखाली गावातलाच एक गरीब पोरगा कामाला होता, झाशरी ल रुझिक. जन्म १८६४ चा. हा पोरगा मोठेपणी त्याच गावच्या संग्रहालयाचा प्रमुख झाला आणि पडलेले कितीतरी दगड त्याने पुन्हा उभे केले. त्याने एक फार चांगली गोष्ट केली. जो दगड आपण उभा केला त्याच्या बुडाशी तांबड्या सिमेंटची एक लहानशी टिकली बसवली. पाहणाऱ्याला कळावे, हा मूळचा उभा आणि हा आमच्या हातचा. जीर्णोद्धार करणाराचा प्रामाणिकपणा याहून निराळा काय असतो? आपल्याकडे नवे काम जुन्यासारखे दिसावे म्हणून धडपड होते, आणि जुन्यावर रंग देऊन ते नव्यासारखे केले जाते. दोन्हीकडून नुकसानच.

२०२५ च्या जुलैत कार्नाक व आसपासचे दगड जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याच्या दोनच वर्षे आधी, २०२३ मध्ये, त्याच गावात एका दुकानाच्या बांधकामात तीस-चाळीस लहान दगड उखडले गेल्याची बातमी जगभर झाली. ते खरोखर किती जुने होते यावर वाद झाला, पण वाद दगड गेल्यावर झाला.

आता कार्नाक या नावाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मुंबईला गेलेल्यांनी कर्नाक बंदर हे नाव ऐकले असेल. ते पडले सर जेम्स रिव्हेट-कर्नाक या १८३९ ते १८४१ च्या गव्हर्नराच्या नावावरून. तेथला जुना कर्नाक पूल पाडून नवा झाला आणि २०२५ साली त्याला सिंदूर पूल नाव मिळाले. याच घराण्यातला जे. एच. रिव्हेट-कर्नाक हा अधिकारी नागपूरकडे नोकरीला होता. त्याने काटोल रस्त्यावर जुनापाणी येथील दगडांची वर्तुळे उकरून पाहिली व १८७९ साली त्यांचा वृत्तान्त छापला. नावातला हा योगायोग विधात्यालाच सुचावा!

जुनापाणीला अशी सुमारे तीनशे वर्तुळे आहेत. मोठमोठे धोंडे गोलाकार मांडायचे, मध्ये माती-मुरमाची भर, आणि त्याखाली मृत माणसाचे अवशेष व त्याचे सामान. काही धोंड्यांवर वाटीसारख्या खळग्या ओळीने कोरलेल्या आहेत. पुढे १९६० नंतर टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड येथे डॉ. शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनने केली. लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या, घोड्यांची हाडे आणि घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने निघाले. नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचा हा लोहार आपल्या महाराष्ट्राचा. नागपूर जिल्ह्यातल्याच रायपूर येथे १९८५ ते १९९० या काळात असेच उत्खनन झाले. त्याचा अहवाल लिहिणाऱ्या दोघांपैकी एक डॉ. गो. बं. देगलूरकर. मंदिरे आणि मूर्ती यांच्या अभ्यासात ज्यांचा शब्द प्रमाण मानला जातो त्या विद्वानाच्या आडनावात आपले गाव आहे, याचा अभिमान येथील मुलांना वाटायला हवा.

खरे उभे दगड पाहायचे तर मात्र दक्षिणेला जावे लागते. तेलंगणात नारायणपेट जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी मुडुमल गाव आहे. तेथे दहा ते चौदा फूट उंचीचे ऐंशीएक दगड उभे आहेत आणि लहान दगडांच्या रांगा वेगळ्याच. गावकरी त्यांना निलुवु राळ्ळु म्हणतात. आपल्या सीमेवरच्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. एका दगडावर सप्तर्षींची आकृती खळग्यांनी कोरलेली आहे. त्यांतल्या एकाला लोक यल्लम्मा म्हणून पुजतात. हा दगड शाबूत राहिला तो या भक्तीमुळे. २०२५ च्या मार्च महिन्यात मुडुमलचे नाव जागतिक वारशाच्या प्राथमिक यादीत गेले. आणि ही चाल संपलेलीही नाही. गडचिरोली-बस्तरकडचे माडिया लोक गेलेल्या माणसाच्या नावाने आजही दगड उभा करतात.

आपल्या गावात एवढे प्राचीन काही नसेल. पण वीरगळ आहेत. मारुतीच्या मागे शेंदराने माखलेला, कोणी म्हसोबा म्हणतो, कोणी वेताळ म्हणतो, तो दगड जरा जवळून पाहावा. खालच्या चौकटीत लढाई असते, बहुतेकदा शेजारी गाई कोरलेल्या असतात. गावची गुरे चोरून नेणाऱ्यांशी लढता लढता कोणी पडला, त्याची ती खूण. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. सर्वांत वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला असतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते असतील तोवर याची कीर्ती. ज्या दगडावर बांगड्या भरलेला हात कोपरातून उभा आहे तो सतीचा. नाव कोरलेले नसते. वंश कोणता तेही सांगता येत नाही. गावासाठी जीव दिलेला तो माणूस आपल्यापैकी कोणाच्याही घरचा असू शकेल, आणि आज त्याच्यावर पाय देऊन चप्पल काढणारे लोक असतात, हे बोलायला कडू आहे पण खरे आहे.

लेखाचे दगड तर याहून मोलाचे. होट्टलची मंदिरे आपल्या तालुक्याचे वैभव होय. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळची ही घडण. होट्टल, करडखेड, तडखेल या आपल्याच गावांतून त्या काळचे शिलालेख मिळाले, पुष्कळसे जुन्या कानडीत. प्रा. श्रीनिवास रित्ती आणि प्रा. शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातील लेख गोळा केले आणि नांदेडच्या यशवंत महाविद्यालयाने ते १९६८ साली पुस्तकरूपाने छापले. म्हणून देवाला कोणी किती जमीन दिली, नंदादीपाला तेलाची सोय कोणी केली, हे आज आपल्याला वाचता येते. आजच्या देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर आली, तशीच तीही त्या काळच्या देणगीदारांची पाटी. नव्या पाटीसाठी जुनी पाटी पायात गाडणे कोणाही देणगीदाराला रुचणार नाही.

आता कामाचे. वीरगळावर ऑइलपेंट देऊ नये. दगडातला ओलावा आत कोंडतो आणि वरचा पापुद्रा कोरीव कामासकट सुटून येतो. पाण्याच्या वा वाळूच्या जोराच्या फवाऱ्याने घासू नये, तारेचा ब्रश लावू नये. शेंदराचे जाड कवच आपणहून सुटत असेल तर सुटू द्यावे, छिन्नीने काढू नये. अक्षरे दिसली तर खडूने किंवा रंगाने गिरवू नयेत. गिरवणारा आपल्याला वाटेल ते अक्षर करून ठेवतो. ओला कागद आणि ब्रश घेऊन ठसा उमटवणारे जाणकार असतात, त्यांना बोलवावे. पाया खणताना मूर्ती, नाणी वा लेख निघाला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे हा १८७८ पासूनचा कायदाच आहे. यात घाबरण्यासारखे काही नाही. लपवणारालाच त्रास होतो.

दगड हलवावाच लागला तर हलवण्यापूर्वी जागेवरचा फोटो घ्यावा, तोंड कोणत्या दिशेला होते ते लिहावे, मगच वडाराच्या हाती पहार द्यावी. देवळाच्या आवारात, पाणी साचणार नाही अशा उंच ओट्यावर त्यांना ओळीने उभे करावे, भिंतीत चिणू नये, म्हणजे मागची बाजूही पाहता येईल. बुडाला भोवताली मुरूम ठासावा, सिमेंट थेट दगडाला लावू नये. आणि त्या कार्नाकच्या पोराप्रमाणे, कोणता दगड कोठून आणून कोणत्या साली उभा केला, याची नोंद एका वहीत करावी. त्या वहीच्या दोन प्रती असाव्यात. एक समितीच्या पेटीत ठेवावी, दुसरी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे द्यावी.