ब्रेड फ्रिजमध्ये की फ्रीजरमध्ये?

नांदेड-लातूरकडे पावसाळ्याच्या दमट हवेत उघड्या ब्रेडला लगेच बुरशी धरते. म्हणून आपण तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो. तिथे बुरशी लांबते, पण ब्रेड लवकर कडक होतो. कारण ४ अंशांच्या आसपास त्यातला स्टार्च झपाट्याने घट्ट होतो. उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ही क्रिया जवळपास थांबते.

ब्रेड ताजा असतानाच एका वेळेपुरते भाग करा, पिशवीतली हवा काढून तोंड घट्ट बांधा, तारीख लिहा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. महिनाभरात संपवा. गोठलेले स्लाइस थेट तव्यावर शेका. लाइट जाऊन ब्रेड सैल पडला, तर पुन्हा गोठवू नका. त्याच दिवशी खा.

ज्वारीच्या कडक भाकरीला मात्र फ्रीजर नको. पातळ थापून, भाजून पार वाळवली की ओलावा उरत नाही, आणि ती डब्यात कित्येक दिवस टिकते.