थंडीची लाट आणि पत्र्याची खोली



कडाक्याची थंडी म्हटली की आपणांस काश्मीर आठवते. फार तर महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठचे हिमकण आठवतात. पिंपरी-चिंचवड आणि चाकण म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते कारखाने आणि रस्त्यांवरचा वाहतुकीचा खोळंबा. येथे गरिबाला हिवाळ्यात ऊब पुरविण्याचा प्रश्न आहे असे मी म्हटले, तर आपल्यापैकी पुष्कळजण हसतील. मीही हसलो असतो. मी भूगोल शिकवितो. पुण्याचे जानेवारीतील किमान तापमान सरासरी ११ अंशांच्या आसपास असते, हे वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. जानेवारी १९३५ मध्ये पारा १.७ अंशांवर उतरला होता, हेही सांगतो. मुलांच्या तेवढेच लक्षात राहते.

पण वेधशाळेचा तापमापक असतो कुठं? जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या लाकडी पेटीत. माणूस निजतो तो जमिनीवर. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून देते, आणि पहाटे तिच्यालगतची हवा त्या पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी गार होते. पत्र्याचे छप्पर तेच करते, आणि अधिक झपाट्याने. आत निजलेल्यांच्या श्वासाची वाफ त्याला लागून गोठल्यासारखी होते व पहाटे थेंबाथेंबाने अंथरुणावर ठिबकते.

हे पुस्तकातले ज्ञान मला खरे कळले ते माझ्या एका विद्यार्थ्यामुळे. मुलगा वाशीम जिल्ह्यातला. चाकणजवळ महाळुंग्याला ठेकेदाराकडे कामाला, आणि बाहेरून बी. ए. करणारा. एका जानेवारीत मी त्याच्या खोलीवर गेलो. दहा बाय बाराची पत्र्याची खोली. राहणारे आठ, चौघे दिवसपाळीला, चौघे रातपाळीला. पांघरुणे चार. "एकानं उठायचं, सर, अन् दुसऱ्यानं त्यातच शिरायचं. आयतं ऊबदार मिळतं!" तो हसत म्हणाला.

अडचण होती गुरुवारची. या पट्ट्यातील बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुटी. त्या रात्री आठहीजण घरी, आणि पांघरुणे चारच. मी गेलो त्याच्या आदल्याच गुरुवारी त्यांनी बाहेर शेकोटी केली होती. जळण म्हणजे यंत्रसामान बांधून येते त्या खोक्यांच्या फळ्या आणि तेलकट चिंध्या. अकरा वाजता शेकोटी विझू लागली, तेव्हा निखारे घमेल्यात भरून त्यांनी आत घेतले, दार लावले, आणि दाराखालच्या फटीत पोते कोंबले.

अशा बंद खोलीत निखारा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हीमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोके जड होते, मळमळते, पण निजलेल्याला ते कळायचे कसे? त्या रात्री एकजण पाणी प्यायला उठला आणि भोवळ येऊन दारावर कोसळला. कडी निसटली, दार उघडले. आठजण वाचले ते त्या कडीमुळे.

या मुलांना मदत कोणी करावयाची? थंडीची लाट ही आपल्याकडे आपत्ती निवारण निधीच्या यादीत आहे. मात्र मैदानी प्रदेशात लाट ठरते केव्हा, तर पारा १० अंशांवर किंवा खाली यावा आणि शिवाय सरासरीहून किमान साडेचार अंशांनी उतरावा. किंवा सरळ ४ अंशांवर यावा. म्हणजे पुण्यात ९ अंशांची रात्र ही नुसती थंडी, लाट नव्हे! इंग्लंडातही गरिबांना थंडीचे जादा पैसे मिळतात ते सलग सात दिवसांची सरासरी शून्यावर वा त्याखाली गेली की. पण तेथे निदान भिंती जाड असतात.

राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने २०१३ साली एक लाख वस्तीमागे शंभर बेघरांना निवारा असे प्रमाण ठरविले. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती १७ लाखांवर होती. हिशेब आपणच करा. तरी तो निवारा बेघरांचा आणि शहरातला. ही मुले भाडेकरू, आणि महाळुंग्याला ग्रामपंचायत.

कायद्याने कधी विचारच केला नव्हता, असे मात्र नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला. त्याखालील १९८० च्या केंद्रीय नियमांत, तापमान २० अंशांखाली जाते तेथे ठेकेदाराने दर दोन वर्षांनी लोकरी कोट व लोकरी विजार द्यावी, असे लिहिले होते. वीस अंश! त्या हिशेबाने सारा मावळ आणि खेड तालुका त्यात बसला असता. पण वाशीमचा मुलगा परराज्यातून आलेला नव्हता. तो आपल्याच राज्यात गारठत होता, म्हणून त्याच्यासाठी ते कलम नव्हतेच. पुढे तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेत मिसळून गेला.

माझ्या मते येथे हीटर नको, कोळसा तर नकोच. माणशी एक जाड घोंगडी, पत्र्याखाली छत, जमिनीवर कोरडी चटई. आणि हे डिसेंबर लागण्यापूर्वी, लाटेची वाट न पाहता. महाविद्यालयात आम्ही त्या खोलीपुरत्या चार घोंगड्या जमविल्या. फेब्रुवारीत घरमालकाने पत्र्याखाली प्लायवूडचे छत ठोकून दिले. मार्चपासून भाडे माणशी दोनशे रुपयांनी वाढले. एकजण खोली सोडून गेला.