पंचगंगेची पातळी आणि यंत्रांचा पहारा

पावसाळ्यांत कोल्हापुरांत वृत्तपत्र हातीं येतांच प्रथम पाहिला जातो तो राजाराम बंधाऱ्याजवळील पंचगंगेच्या पातळीचा आंकडा. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हें श्रोत्यांस ठाऊक आहेच. मधल्या चार फुटांत माणसें, जनावरें व धान्य हलवावयास जो अवधि मिळतो, त्यासाठींच मोजणीचा हा सारा खटाटोप.

आज बँका, रुग्णालयें व शाळा यांचे व्यवहार ज्या सर्व्हर नांवाच्या यंत्रांवर चालतात, त्यांच्या प्रकृतीची पाहणीहि अशाच रेघा आंखून करावी लागते. साठवणीची जागा शेंकडा ८० भरली कीं इशारा, ९० भरली कीं धोका, असें ठरवून द्यावें; मग दुसरें एक यंत्र दर मिनिटास विचारपूस करतें व रेघ ओलांडतांच संबंधितांस निरोप धाडतें. एकदां उत्तर आलें नाहीं म्हणून हाकाटी करूं नये; लागोपाठ तीनदां चुकलें तरच करावी. खोट्या हाकांनीं हैराण झालेला मनुष्य खऱ्या हाकेलाहि कूस बदलून झोंपतो.

विचारावें काय, हा खरा प्रश्न. यंत्र जागें आहे एवढें कळून भागत नाहीं. दुकानाचें दार उघडें, दिवा लागलेला, पण गल्ल्यावर कोणी नाहीं, अशी स्थिति यंत्रांचीहि होते. म्हणून प्रत्यक्ष एखादें पान मागवावें. '२००' हा कुशलाचा आंकडा आला तरी पानावर अपेक्षित मजकूर आहे कीं नाहीं, हें तपासावें. सुरक्षिततेच्या प्रमाणपत्राची मुदत किती दिवस उरली तेंहि पाहावें. ती संपली म्हणजे यंत्र धडधाकट असूनहि लोकांची वाट अडते.

कांहीं उपाय आपोआपहि होतात. भोगावतीवरील राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे धरण कांठोकांठ भरलें कीं स्वतःच उघडतात. बंद पडलेलें काम यंत्रानें स्वतः पुन्हां सुरू करणें हें त्याच जातीचें. परंतु दरवाजा उघडल्याची वार्ता खालच्या गांवांस पोंचली पाहिजे. गुपचूप झालेली दुरुस्ती मूळ दुखणें झांकून ठेवते.

२०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलें व वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. अशा वेळीं सर्व्हर आणि त्याचा पहारेकरी एकाच तळघरांत असले तर दोघेहि एकदमच मुके होतात, आणि बाहेर मात्र, निरोप नाहीं म्हणजे सारें ठीक, असा समज होतो. तेव्हां पहारेकरी दूरच्या गांवीं ठेवावा. त्यानेंहि ठरल्या वेळीं आपण जागे असल्याचें कळवावें. तें न आल्यास तिसऱ्या कोणीं घंटा वाजवावी. आणि मृगाच्या पावसापूर्वीं एखादें यंत्र मुद्दाम बंद करून ती घंटा खरोखर वाजते कीं नाहीं, हें एकदां पाहून ठेवावें.