दोष आणि कारण



विमान-अपघातांविषयीच्या ग्रंथाचा अनुवाद करताना माझी लेखणी प्रथम अडखळली ती एका साध्या शब्दापाशी. तो शब्द म्हणजे ‘चौकशी’. एखाद्याच्या मागे चौकशी लागली, असे आपल्याकडे म्हटले, की तो मनुष्य निम्मा अपराधी ठरलाच! परंतु आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टाची भूमिका याच्या नेमकी उलट आहे. १९५१ साली प्रथम स्वीकारलेले हे परिशिष्ट आज असे सांगते, की अपघाताच्या शोधाचे एकमेव उद्दिष्ट पुढील अपघात टाळणे हे होय. दोष कोणाच्या माथी जातो, हे ठरवणे नव्हे.

ही निव्वळ उदारता आहे काय? एक उदाहरण पाहू. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे येणारे ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे ५१४ क्रमांकाचे विमान व्हर्जिनियातील माउंट वेदर येथील डोंगरावर आदळले आणि आतील ९२ माणसे मृत्युमुखी पडली. उतरणीची अनुज्ञा मिळताच आपण १८०० फुटांपर्यंत खाली येण्यास मोकळे आहोत, असे वैमानिकांना वाटले. डोंगर ओलांडेपर्यंत सुरक्षित उंची वैमानिकच राखतील, असे नियंत्रकाने गृहीत धरले होते. एकाच वाक्याचे दोन अर्थ! अनुवादकाला हे दुखणे परिचित आहे. येथे मात्र त्याचे मोल प्राणांनी द्यावे लागले.

याहून दुःखद गोष्ट पुढेच आहे. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचे विमान तेथेच याच गैरसमजामुळे थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. पण तो इशारा इतरांपर्यंत नेणारी वाटच नव्हती.

ती वाट पुढे निर्माण झाली. १९७५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने चुका कळवण्याची योजना आखली. परंतु जो परवाना काढून घेऊ शकतो, त्याच्यापाशी मन मोकळे कोण करणार? म्हणून १९७६ पासून हे काम ‘नासा’कडे सोपवण्यात आले. तेथे कळवणाऱ्याचे नाव अहवालातून काढून टाकले जाते. बुद्धिपुरस्सर केलेल्या गुन्ह्याला मात्र हे संरक्षण नाही.

कोणी विचारील, मृतांच्या आप्तांना न्याय नको काय? अवश्य हवा, त्यासाठी न्यायालये आहेत. परंतु ती वाट वेगळी ठेवली पाहिजे. शिक्षेने एक वैमानिक दूर होतो. संदिग्ध वाक्य जागच्या जागी राहते आणि पुढच्या वैमानिकाची वाट पाहते. आपल्या देशातही २०१२ साली अपघातांच्या शोधासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाहून वेगळा विभाग स्थापन झाला, तो याच विचाराने.

म्हणून मी ‘चौकशी’ हा शब्द खोडून ‘अन्वेषण’ लिहिला. शब्द थोडा जड आहे खरा. परंतु तो आरोपीला नव्हे, कारणाला शोधतो.