जुने कोणते राखावे?

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'वाडवडिलांपासून असेच चालत आले आहे' हे वाक्य आपल्या प्रत्येक बैठकीत एकदा तरी कानी पडते. ते उच्चारणाऱ्या वृद्धांचा उपहास करण्याची आमची इच्छा नाही. ज्याने दुष्काळ पाहिले, त्याला घरातले शेवटचे बियाणे प्रयोगासाठी देववत नाही. जुन्यास धरून राहण्याच्या मुळाशी पुष्कळदा हीच सावधगिरी असते. परंतु सावधगिरी कोठे संपते आणि हट्ट कोठे सुरू होतो?

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात मिळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरत असता, भूकंप झाला. आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूरपासून शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारीपर्यंत गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. सुमारे ८ हजार माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेक आपल्याच घराखाली सापडून गेली. दगडमातीच्या रुंद भिंती व वर उन्हापासून रक्षण करणारे मातीचे जड माळवद, अशी ही घरे. भिंत जाड तितकी बळकट, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज. परंतु आतला व बाहेरचा थर सांधणारे आरपार दगड भिंतींत नव्हते. हादरा बसताच थर फाकले.

मात्र ज्या घरी माळवदाचा भार भक्कम लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर होता, तेथे भिंती ढासळूनही कित्येक ठिकाणी छत उभे राहिले. खण जुना आणि भिंतही जुनीच. एकाने तारले, दुसरीने मारले! पुढे, बचावलेल्या घरांच्या भिंतींस आरपार सांधे द्यावे, माळवदावरील माती कमी करावी, असे जाणकारांनी सांगितले. घर पाडा, असे ते म्हणाले नाहीत.

आपल्या ज्ञातीचा खण कोणता? अडल्यानडल्यास धावून जाणे, गरीब विद्यार्थ्यास आसरा देणे, सुतक असलेल्या घरी भाकरी पोचविणे. आणि भिंत कोणती? पती निवर्तताच त्याच्या पत्नीचे कुंकू पुसणे व बांगड्या फोडणे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने २०२२ साली ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींस त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले.

आम्ही कोणास दोष देत नाही, कारण प्रथम दोषी आम्हीच आहोत. आमच्या घरी एका भगिनीच्या बांगड्या फुटत असता आम्ही ओसरीवर मान खाली घालून बसलो होतो. तेथे दुष्ट असा कोणीच नव्हता. दुसऱ्या कोणी तरी बोलावे, एवढीच प्रत्येकाची अपेक्षा होती.

आज तोच ठराव आपल्यापुढे येत आहे. वडीलधाऱ्यांना आमची नम्र विनंती आहे की, पहिला हात त्यांनीच वर करावा. खण त्यांनी जतन केला आहे. भिंत दुरुस्त करण्याचा मानही त्यांचाच आहे.