घरच्या घरी इलेक्ट्रॉनिक उपकरणे : काय करावे, काय टाळावे

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपला शेतकरी मुळातच कारागीर आहे. जुन्या सायकलच्या चाकाचे कोळपे करणारे हात याच मातीतले. आता तेच हात इलेक्ट्रॉनिक मंडलांकडे वळले आहेत. इटलीतील इव्हरिया या गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी ‘आर्डुइनो’ नावाची छोटी पाटी तयार झाली. तिचा आराखडा सर्वांना खुला ठेवल्यामुळे ती जगभर स्वस्तात मिळू लागली. आज आपल्या खेड्यातला बारावीचा किंवा आयटीआयचा मुलगाही ती वापरून ओलावा मोजतो, टाकीची पातळी पाहतो. ही गोष्ट कौतुकाची आहे. मात्र याच हौसेतून जिवावर बेतणारी कामेही होतात. म्हणून आज दोन्ही बाजू सांगणार आहे.

माझे सांगणे एका वाक्यात असे : माहिती सांगणारे यंत्र घरी बनवावे, वीज जोडणारे-तोडणारे यंत्र घरी बनवू नये.

टाकीची पातळी दाखविणारे उपकरण

सुरुवात सोप्या उपकरणापासून करावी. साहित्य थोडेच लागते : ९ व्होल्टची बॅटरी, दाबाचे बटण, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एलईडी दिवा, १० किलोओहम व ६८० ओहमचा एकेक रोध आणि स्टेनलेस स्टीलची तार.

बॅटरीच्या धन टोकाला बटण जोडावे. बटणापासून एक तार टाकीच्या तळापर्यंत सोडावी. बटणापासूनच दुसरी वाट ६८० ओहमचा रोध व एलईडी यांतून ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला न्यावी. ज्या उंचीची पातळी हवी तेथपर्यंत दुसरी तार टाकीत सोडावी व ती १० किलोओहमच्या रोधातून बेसला जोडावी. एमिटर ऋण टोकाला जोडावा. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली धरले असता डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम असतो.

विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, त्यामुळे त्यातून अल्प प्रवाह वाहतो. पाणी वरच्या तारेला टेकले की हा प्रवाह बेसला पोचतो, ट्रान्झिस्टर तो वाढवितो आणि दिवा लागतो. पाव, अर्धी व पूर्ण टाकी दाखवायची असल्यास प्रत्येक पातळीसाठी वेगळी तार, ट्रान्झिस्टर, दिवा व रोध घ्यावेत. प्रवाह सतत चालू ठेवल्यास तारा लवकर झिजतात, म्हणून पाहण्यापुरतेच बटण दाबावे. बॅटरीही पुष्कळ दिवस पुरते.

जमिनीचा ओलावा

वरची माती सुकलेली दिसली की आपण पाणी देतो. खाली मुळांशी ओल असतेच. पाणी वाया जाते, खत खाली झिरपते. यावर अमेरिकेतील मिशिगन येथे बुयूकोस व मिक यांनी १९४० साली जिप्समच्या ठोकळ्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती घरी करता येते.

प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात दाटसर कालवावे. एक इंची पीव्हीसी पाइपच्या बोटभर लांब तुकड्यात ते ओतावे. ओले असतानाच स्टेनलेस स्टीलच्या दोन तारा त्यात सुमारे एक सेंटिमीटर अंतरावर उभ्या बसवाव्यात. तारा एकमेकींना टेकू देऊ नयेत. पूर्ण वाळल्यावर ठोकळा पाइपमधून काढावा व पुरण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवावा. मुळांच्या खोलीइतके, बहुतेक पिकांत सुमारे ३० सेंटिमीटर खोल छिद्र करून, त्यात त्याच मातीचा चिखल टाकून ठोकळा घट्ट बसवावा. माती व ठोकळा यांत पोकळी राहिल्यास मोजमाप चुकते.

माती ओली असली की ठोकळाही ओला राहतो आणि दोन तारांमधील विरोध काही शे ओहमच भरतो. माती सुकत गेली की तो हजारो ओहमपर्यंत वाढतो. साध्या मल्टिमीटरचा प्रवाह एकाच दिशेने जातो, त्यामुळे मीटर लावून ठेवल्यास आकडा सरकत राहतो. म्हणून मीटर लावल्यावर दोन-तीन सेकंदांतच आकडा घ्यावा व दर वेळी तसेच करावे. आर्डुइनो असल्यास क्षणभर एका दिशेने व क्षणभर उलट दिशेने प्रवाह सोडण्याची आज्ञा देता येते. तीच पद्धत अधिक चांगली.

नुसता आकडा उपयोगाचा नाही, त्याला आपल्या जमिनीचा अर्थ द्यावा लागतो. ठोकळ्याजवळची १०० ग्रॅम माती काढून १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवावी. ती ८० ग्रॅम भरली, तर २० ग्रॅम पाणी ८० ग्रॅम कोरड्या मातीत होते, म्हणजे ओलावा २५ टक्के. त्या दिवशीचा ठोकळ्याचा आकडा शेजारी लिहावा. भरपूर पाणी दिल्यानंतर दोन-तीन दिवसांनी एकदा आणि पीक पाणी मागू लागेल तेव्हा एकदा अशी नोंद केली, म्हणजे आपला तक्ता तयार झाला. एकाचा तक्ता दुसऱ्याच्या शेतात चालत नाही.

दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. जिप्सम पाण्यात हळूहळू विरघळते, म्हणून ठोकळे काही हंगामांनी बदलावे लागतात. भारी काळ्या जमिनीत भेगा पडल्या की ठोकळ्याचा मातीशी संपर्क तुटतो; अशा वेळी आकड्यापेक्षा हातात घेतलेल्या मातीवर विश्वास ठेवावा.

मोटरपाशी थांबावे

ओलावा कळला, पातळी कळली, की पुढचा विचार येतो : आता मोटरही आपोआप चालू-बंद करू. येथेच थांबावे.

बाजारातील छोट्या रिलेवर १० अँपिअर लिहिलेले असते. ५ अश्वशक्तीची थ्री फेज मोटर चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, म्हणून रिले पुरेल असे वाटते. परंतु सुरू होताना हीच मोटर सुमारे सहापट, म्हणजे ४५ अँपिअर ओढते. अशाने रिलेचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटतात. आमच्या एका चाचणीत नेमके हेच घडले. पडद्यावर ‘बंद’ अशी अक्षरे आणि पंप मात्र चालू! त्या विश्वासाने कोणी मोटरला हात घातला असता, तर काय झाले असते याचा विचार करावा. शिवाय रिले एकच फेज तोडतो. मोटर उरलेल्या दोन फेजवर जळते आणि बंद पडली तरी तिच्यात वीज राहते.

स्टार्टरला लावलेल्या ऑटो स्विचचेही तसेच. रात्रीच्या पाळीला अंधारात, साप-किरडाच्या भीतीत मळ्यात जावे लागते; अडचण खरी आहे. पण हिशेब पाहा. ६३ केव्हीएची डीपी सुमारे ८४ अँपिअर देऊ शकते. तिच्यावरचे ५ अश्वशक्तीचे दहा पंप चालताना ७५ अँपिअर घेतात. वीज येताच दहाही एकदम सुरू झाले, तर मागणी ४५० अँपिअरवर जाते. डीपी जळते आणि सगळ्यांचेच पीक वाळते. मोटर दूरून चालवायचीच असेल, तर सिंगल फेज प्रिव्हेंटर व कोरडी मोटर बंद करण्याची सोय असलेले, चाचणी झालेले तयार उपकरण परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावे.

कुंपणात थेट वीज : कधीही नाही

रानडुकरांचा त्रास मोठा आहे. तरीही कुंपणाच्या तारेत लाइनची वीज सोडू नये. ओल्या अंगाचा विरोध हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह अंगातून जातो. माणसाचा जीव वाचविण्यासाठी बसविलेला ईएलसीबी ३० मिलिअँपिअरलाच वीज तोडतो, यावरून धोका ओळखावा. अशा तारेने रानडुकराआधी शेजारी, सालगडी किंवा आपलेच मूल मरते आणि मालकावर गुन्हा दाखल होतो. सौर कुंपणाचे मान्यताप्राप्त यंत्र सुमारे सेकंदाला एकदा, डोळ्याचे पाते लवण्यापेक्षाही कमी काळ झटका देते. मध्यंतरी तार सोडता येते. लाइनच्या विजेत ती उसंतच नसते, हात तारेला धरला जातो. हे झटका यंत्रही घरी जुळवू नये.

थोडक्यात

१) घरचे प्रयोग १२ व्होल्टपर्यंतच्या बॅटरीवरच करावेत.
२) उपकरणाचा आकडा व हाताचा अनुभव दोन्ही वहीत लिहावेत.
३) मोटर, स्टार्टर व डीपीला हौसेचे मंडल जोडू नये.
४) पेटीला अर्थिंग व ईएलसीबी असल्याची खात्री वायरमनकडून करून घ्यावी.
५) कुंपणात थेट वीज कोणत्याही कारणाने सोडू नये.

घरातला मुलगा किंवा मुलगी तारा जुळवीत बसली, तर तिला रागावू नका. बॅटरी आणून द्या, मळ्यातला एक कोपरा द्या आणि स्टार्टरची पेटी मात्र कुलपात ठेवा.